डोळा सोडून बाकीची झिपरी

गल्लीत त्याला सगळे कलाकार म्हणत. तोंडावरही म्हणत आणि पाठीमागेही म्हणत. फरक इतकाच, की तोंडावर म्हणताना हसू दाबावं लागे. त्याला मात्र हे नाव मनापासून पटलेलं होतं. कुणी 'काय कलाकार, आज कुणाचा नंबर?' असं विचारलं, की तो मान जरा तिरकी करी, एक डोळा बारीक करी आणि समोरच्या माणसाला चौकटीत ठेवावं की कापून टाकावं, असा विचार केल्यासारखं बघे. बहुतेक माणसं तो कापूनच टाकी.

पाळीव प्राण्यांचे फोटो काढायचे, हा त्याचा धंदा. धंदा म्हटलेलं त्याला खपत नसे. त्याआधी बरीच वर्षं तो पासपोर्टचे आणि लग्नाचे फोटो काढायचा. लग्नात सगळं गणगोत एका ओळीत उभं करायचं, पहिल्या मावशीपासून शेवटच्या मेहुण्यापर्यंत प्रत्येकाचं तोंड स्पष्ट यायला हवं, एकाचं जरी आलं नाही तरी घरात वर्षभर भांडण. हे काम त्याला उत्तम जमे. पण जे जमतं त्याची किंमत त्याला कधीच नव्हती. मग त्यानं ती लेन्स घेतली आणि माणूस कामातून गेला.

लेन्स जाडजूड, डब्यासारखी. तिचं छिद्र पुरतं उघडलं आणि जनावराच्या जवळ गेलं, की फोटोत जेवढं स्पष्ट येई त्याची जाडी नखाएवढी. कुत्र्याचा डोळा त्या नखात सापडला तर डोळा लख्ख. नाकाचं टोक गेलं, कान गेले, आणि मागचं घर, झाडं, माणसं सगळी लोण्यासारखी वितळली. यात जादू काही नाही. जनावरांचे फोटो काढणाऱ्या कुणालाही हे माहीत असतं. ज्याला अक्कल आहे तो छिद्र थोडं आवळतो, निदान कुत्र्याचं पुरतं तोंड तरी पदरात पाडून घेतो. कलाकारानं ते उघडलं ते उघडलंच. पुढे कित्येक वर्षांत छिद्र लहानमोठं करायच्या कड्याला त्याचा हात लागला नाही.

"डोळ्यात आत्मा असतो," तो म्हणायचा. "बाकी सगळं मांस आणि केस." हे वाक्य त्यानं कुठूनतरी उचललेलं होतं. स्वतःचं असतं तर दिवसातून इतक्या वेळा म्हणाला नसता.

एकदा एक कुटुंब ससा घेऊन आलं. नवरा, बायको, दोन मुली, सगळे कडक इस्त्रीत. सशासोबत सगळ्यांचा एक फोटो हवा होता बिचाऱ्यांना. कलाकारानं ससा पुढे स्टुलावर ठेवला, माणसं पार मागे पडद्यापाशी नेऊन उभी केली आणि 'हसा' असंही म्हणाला, हे विशेष. फोटो हातात आल्यावर त्या गृहस्थानं तो जवळ धरला, लांब धरला, चष्मा काढून बघितला.

"हा गुलाबी डाग कसला?"

"तुमची धाकटी."

"आणि मी?"

"तुम्ही पडद्यात मिसळलात. फार सुंदर मिसळलात."

"अहो, पण सशाचे कानसुद्धा नाहीत!"

"कान काय करायचेत तुम्हाला? ससा आहे हे ठाऊक आहे ना?"

ती माणसं गेल्यावर तो बायकोला म्हणाला, "यांना फोटो नको असतो गं, हजेरी हवी असते." आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन त्यानं चहा मागवला.

असं असून लोक येतच. ज्या फोटोत मागचं काही दिसत नाही तो भारी, असं कुणीतरी ठरवून ठेवलेलं होतं. आणि आपल्याला यातलं कळत नाही हे कबूल करण्यापेक्षा लोक भिंतीवर धुकं टांगून घेणं पसंत करत. कलाकार जगला तो लोकांच्या या भित्रेपणावर.

स्टुडिओ म्हणजे घराच्याच पुढच्या दोन खोल्या. तिथे पूर्वी चपलांचं दुकान होतं. भिंतीतल्या फळ्या काढल्या तरी त्यांचे खिळे राहिले होते आणि त्यांवर आता पट्टे, साखळ्या आणि वाजणारी रबरी खेळणी लटकत. ओल्या कुत्र्याचा वास पडद्यांत इतका मुरलेला, की धुऊनही जाईना. तिथलं खरं काम बायको करायची. ती आडव्या अंगाची, आवाजानं फाटकी, आणि हसायला लागली की समोरच्या घराच्या खिडक्या उघडत. पण ओठांनी नुसता चुकचुक आवाज केला, की चावरं कुत्रंसुद्धा तिच्याकडे कान टवकारून बघे. तिच्या खिशात कायम बिस्किटांचा चुरा. ती कॅमेऱ्याच्या मागे उभी राहून माना वळवून घ्यायची आणि हा मधे वाकून बटण दाबायचा. मग गिऱ्हाइकाला सांगायचा, "मी यांच्याशी मनातल्या मनात बोलतो."

झिपरी तिनंच आणलेली. बेकरीच्या मागे पिठाच्या रिकाम्या पोत्यांत सापडलेलं कुत्र्याचं पिल्लू, वाढून तांबूस केसांचा नुसता भारा झालं. सुरुवातीला कलाकारानं नाक मुरडलं. हे ध्यान घरात कशाला, म्हणाला. मग एकदा सहज त्यानं तिच्यावर लेन्स रोखली आणि तिचा डोळा बघितला. मधासारखा होता. त्या दिवसापासून झिपरी त्याची हक्काची मॉडेल झाली. तिला उचलून स्टुलावर बसवायचं, केस विंचरायचे, दिवे लावायचे हे बायकोचं काम. सगळं जागच्या जागी झालं की कलाकार आतून येई, नट रंगमंचावर यावा तसा. काम संपलं की हा संगणकापुढे, आणि झिपरी बायकोच्या पायाशी. बायकोच्या पायांकडे बघायचं त्याला काही कारण पडत नसे.

बायकोही फोटो काढायची, मोबाईलवर. झिपरी पलंगाखाली, झिपरी बादलीत तोंड घालून, झिपरी पाठीवर पडून चार पाय वर. त्यांत सगळं दिसे: फरशीवरचे डाग, उलटी पडलेली चप्पल, वाळत घातलेले परकर. एका रविवारी मोबाईल भरला म्हणून तिनं तो नवऱ्याकडे दिला, जरा मोकळा करून द्या म्हणाली. त्यानं झिपरीचे सगळेच्या सगळे फोटो पुसून टाकले आणि बदल्यात स्वतःचे काही निवडक भरून दिले.

"अहो, माझे कुठे गेले?"

"ते फोटो नव्हते. तो पंचनामा होता. हे बघ, याला फोटो म्हणतात."

तिनं बघितलं. डोळा. पुढचा. डोळा. त्याच्या पुढचाही डोळाच. "हिची शेपटी कुठाय हो कशात?" एवढंच ती म्हणाली. मग दोन दिवस तिनं त्याच्या चहात साखर घातली नाही. साखर विसरली असेल, असं त्याला वाटलं.

पुढे बायकोच्या बहिणीचं पोटाचं ऑपरेशन निघालं आणि ती बहिणीकडे राहायला गेली. जाताना उंबऱ्यात उभी राहून पुन्हा पुन्हा बजावून गेली: वेळेवर खायला घाला, उघड्यावर नेऊ नका, आणि बाहेर नेलीच तर गळ्यातला पट्टा काढू नका. "पट्ट्यावर आपला नंबर आहे. काढू नका हं. तुम्हाला सवय आहे म्हणून सांगतेय."

सवय होतीच. पट्टा फोटोत चमकतो, डोळ्यावरचं लक्ष उडवतो, म्हणून फोटोआधी प्रत्येक जनावराचा पट्टा काढून खिळ्याला लावायचा, हा त्याच्या स्टुडिओचा नेमच होता. बंद खोलीत हे चालून जाई. पण प्राण्यांच्या फोटोंचं एक प्रदर्शन जवळ आलं होतं आणि कलाकाराला या वेळी मागे पडदा नको होता, पानांतून गळणारं ऊन हवं होतं. पार उघड्या छिद्रातून अशा उन्हाचे गोल गोल दिव्यांसारखे ठिपके होतात. बायको गेली त्याच्या दुसऱ्याच सकाळी तो झिपरीला कोर्टामागच्या बागेत घेऊन गेला. एका बाकावर तिला बसवलं. पट्टा काढला, खिशात घातला. मग गुडघ्यावर बसून त्यानं डोळा लेन्सला लावला, आणि त्याच्यापुरतं जग संपलं.

बागेच्या भिंतीपलीकडे रस्त्याचं काम चाललं होतं. एका ट्रकनं खडीचा ढीग धाडकन ओतला. लेन्समधून मधाळ डोळा नाहीसा झाला आणि तिथे पानांचे गोल गोल दिवे तेवढे राहिले.

दुसरा कुणी असता तर आधी धावला असता. कलाकारानं आधी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर शेवटचा फोटो मोठा करून बघितला. डोळा लख्ख आला होता. मग तो उठला आणि "झिपरे, ए झिपरे," असं ओरडत सुटला. या आवाजात तिला आजवर कुणी हाक मारलेली नव्हती. हाक मारायचं काम बायकोचं.

दुपारपर्यंत तो बागेच्या आसपास हिंडला. कोर्टाची मागची गल्ली, भाजीबाजार, गॅरेजांची रांग, सगळीकडे. संध्याकाळ झाली तसा तो घाबरला. झिपरीसाठी घाबरला, असं म्हणणं म्हणजे त्याला फुकटचं मोठेपण देणं होईल. बायको परत येईल आणि विचारेल, ही ती भीती होती.

तिचा फोन रात्री जेवणाच्या वेळी आलाच.

"झिपरी काय करतेय?"

"झोपलीय."

"इतक्यात? जेवली का? फोन लावा बघू तिच्या कानाला."

कलाकारानं इकडेतिकडे बघितलं आणि फोन पलंगावरच्या उशीला लावला. उशीतून बायकोचा आवाज येत राहिला, ए शोने, ए माझे झिपे, मी येते हं लवकर. तो बाजूला उभा राहून नखं खात होता. पुढेही फोन आला की झिपरीच्या वाटचं प्रेम उशीलाच मिळत गेलं.

त्यानं जाहिरात छापली. 'हरवली आहे' असं वर ठळक, खाली त्याचा नंबर, आणि मधे झिपरीचा त्याच्या मते सर्वांत सुंदर फोटो: कागदभर पसरलेला एक मधाळ डोळा, त्यात खिडकीचं प्रतिबिंब, भोवती सोनेरी धुकं. गल्लीत, बाजारात, बसथांब्यावर त्यानं स्वतः कागद चिकटवले, आणि चिकटवून दोन पावलं मागे सरकून प्रत्येकाकडे कौतुकानं बघितलंही.

पहिला फोन आला तो एका म्हाताऱ्या बाईचा. मोतीबिंदूचं ऑपरेशन किती दिवसांत करता, असं त्या विचारत होत्या. दुसऱ्याला चष्मा हवा होता. तिसरा, कसाई होता तो, कामाचं बोलला.

"कुत्रंय ना? आमच्या दुकानापाशी दोन-तीन नवी दिसतायत. तुमचं कसंय?"

"फोटो आहे ना त्यात."

"डोळाय त्यात. डोळा सगळ्यांनाच असतो. रंग कसला?"

"उन्हाचा. म्हणजे दुपार कलल्यावर..."

"तांबडा का पिवळा, ते सांगा ना साहेब. पाय पांढरे आहेत का? कान उभे का पडके? शेपटी कशी, सरळ का गुंडाळलेली?"

कलाकारानं झिपरी आठवून बघितली. त्याला माहीत नव्हतं. कान? पडके असावेत. की एक पडका होता? "तुम्हाला कलेतलं काही कळतं का हो?" असं म्हणून त्यानं फोन ठेवला आणि संगणकाकडे धावला. झिपरीचे ढिगानं फोटो होते त्यात. तो एकेक उघडत गेला. डोळा. डोळा. डावा डोळा. नाक, तेही चुकून. डोळा. पाय असतील तिथे लोणी, शेपटी असेल तिथे धुकं. इतकी वर्षं जे कुत्रं घरात जेवलं, झोपलं, त्याचा कान कसा आहे हे सांगायला त्या ढिगाऱ्यात एक चित्र नव्हतं. बायकोचे फोटो असते तर कळलं असतं. ते का नाहीत, हा विचार त्याच्या मनात आला आणि त्यानं तो ताबडतोब दुसरीकडे वळवला. मोबाईल बनवणारेच मूर्ख, जागाच पुरेशी देत नाहीत, असं तो मोठ्यानं म्हणाला.

बायको उद्या येणार, असा निरोप आला तेव्हा त्याची पाचावर धारण बसली, आणि आधीच जायला हवं होतं तिथे तो अखेर गेला: पालिकेच्या कोंडवाड्यात.

कोंडवाड्यावरची बाई पाय पसरून केळं खात बसली होती. तिला कुत्र्यांत रस नव्हता आणि माणसांत तर त्याहून नव्हता. याच्या गळ्यातला कॅमेरा बघून म्हणाली, "कुत्रं ओळखायला आलाय, का वरातीला?"

"माझी कुत्री हरवलीय. तांबूस, केसाळ."

"तांबूस केसाळ तीन आहेत. बघा, कुठलीही न्या. पिंजरा रिकामा झाला म्हणजे झालं."

ओल्या फरशीची लांबट खोली, दोन्ही बाजूंना जाळ्या, वर एकच झरोका. पहिल्या पिंजऱ्यातलं कुत्रं त्याच्यावर दात विचकून आलं. ती झिपरी नव्हे, एवढं त्यालाही कळलं. दुसऱ्या पिंजऱ्यातली कुत्री त्याचा आवाज ऐकूनच उठली होती. ती जाळीला येऊन चिकटली, मागचं अंग सगळं हलवत, बारीक आवाजात रडत. चिखलानं माखलेली, एक डोळा सुजून बंद, त्याला पू आलेला, दुसऱ्यावर केसांची जट. कलाकारानं नाकाला रुमाल लावला.

"हिला जरा मागे घ्या. उजेड अडवतेय."

"तुम्हाला ओळखते की काय ही?" बाई केळं चघळत म्हणाली. "आल्यापासून शेपूट हलली नव्हती हिची."

"बाई, मी जिथे जातो तिथे कुत्री अशीच करतात. माझ्या अंगातच आहे ते."

तिसरी कुत्री मागच्या भिंतीला टेकून शांत बसली होती. झरोक्यातलं ऊन नेमकं तिच्या तोंडावर. कलाकारानं श्वास धरला, लेन्स जाळीच्या भोकातून आत केली, फोकसचं कडं फिरवलं. धुक्यातून एक डोळा वर आला. मधासारखा. त्यानं खटकन बटण दाबलं आणि सरळ झाला.

"हीच," तो म्हणाला. "लाखात ओळखेन."

तो तिला घेऊन निघाला तेव्हा मागे दुसऱ्या पिंजऱ्यात जाळी कुणीतरी पंजांनी खडखडवत होतं. त्यानं वळून बघितलं नाही. घरी येऊन त्यानं कुत्रीला आंघोळ घातली, खिशातला पट्टा गळ्यात घातला. पट्टा सैल झाला. 'वाळली बिचारी,' असं म्हणून त्यानं सुरीनं नवीन भोक पाडलं. हाक मारली तर ती बघेना. रागावलीय, तो म्हणाला. घरातून मोरीकडे जायचा रस्ता तिला सापडेना. घाबरलीय. प्रत्येक गोष्टीला त्याच्याजवळ उत्तर तयार होतं. मग त्यानं तिला स्टुलावर बसवून भरपूर फोटो काढले आणि निवांत झोपला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायको आली. पिशवी खाली ठेवली, चपला काढायला वाकली, आणि वाकल्यावाकल्याच म्हणाली, "झिपे, ए..." पुढचा शब्द तिच्या तोंडातच राहिला. कुत्री दारात येऊन परक्या माणसाकडे बघावं तशी तिच्याकडे बघत होती.

"ही कोण?"

"कोण काय? झिपरी."

"अहो, झिपरी कुठाय?"

"अगं, ही काय समोर! तू दमलीयस प्रवासानं. हे बघ, तुला दाखवतो." त्यानं तिला ओढतच संगणकापाशी नेलं. पडद्यावर दोन डोळे शेजारी शेजारी लावले, बागेतला आणि कालचा. "हा आधीचा, हा आताचा. सांग बरं, आहे काही फरक?"

बायकोनं पडद्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. तिच्या त्या बघण्यापुढे मग एकेक गोष्ट बाहेर पडली: बाग, ट्रक, पट्टा, उशी. उशीपाशी आल्यावर तिनं डोळे मिटून घेतले. त्यानं सांगताना खडी टाकणाऱ्यांना शिव्या दिल्या, पालिकेला दिल्या, प्रदर्शनवाल्यांना दिल्या. स्वतःचा नंबर काही आला नाही.

"कोंडवाड्यात आणखी होती का अशी?" तिनं विचारलं.

"होती. भंगार."

"तुम्हाला बघून उठली का कुणी?"

"एक उठली. घाणेरडी होती. डोळा फुटलेली. सारखी मधे मधे येत होती."

बायकोनं काढलेल्या चपला पुन्हा पायांत घातल्या. पाणीसुद्धा प्यायली नाही. नव्या कुत्रीचा पट्टा हातात धरून ती निघाली, आणि याला कुणी चल म्हटलं नसताना हा मागोमाग. सवयीनं कॅमेरा गळ्यात होताच.

दुसऱ्या पिंजऱ्यातली कुत्री आता भिंतीकडे तोंड करून पडली होती. पुढ्यातलं खाणं तसंच, त्यावर माशा. बायकोनं हाक मारली नाही. नुसतं ओठांनी चुकचुक केलं. कुत्रीचे कान हलले. मग ती उठली, धडपडली, जाळीवर आदळली, आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला त्यानं कोंडवाड्यावरच्या बाईनंही हातातलं काम थांबवलं. दार उघडल्यावर बायको त्या ओल्या फरशीवर फतकल मारून बसली आणि रडली ती भसाभसा, नाक गळेपर्यंत. झिपरीनं आपला पू आलेला डोळा बायकोच्या ब्लाउजवर घासला, तरी तिनं तोंड बाजूला केलं नाही.

"हीच की ती," कोंडवाड्यावरची बाई कलाकाराला म्हणाली. "काल तुमच्यापुढे नाचत होती. तुम्ही गेलात आणि दिवसभर दाराकडे बघत उभी. रात्री कधीतरी पडली."

"डोळा बंद होता तिचा!" कलाकार ओरडला. "डोळा बंद असल्यावर माणसानं ओळखायचं कसं?"

कोंडवाड्यावरच्या बाईनं खांदे उडवले आणि नोंदीची वही ओढली.

"सोडायची कुणाच्या नावावर?" बाईनं विचारलं. "मालक कोण?"

कलाकार घसा खाकरून पुढे झाला.

"मालकीण मी," बायको खालूनच म्हणाली. "हे फोटो काढतात."

ती उठली, पदरानं तोंड पुसलं. नवी कुत्री मघापासून तिच्या पायाला चिकटून थरथरत होती. समोर तिचा जुना पिंजरा उघडाच होता. बायकोनं तिचा पट्टा सोडला नाही. "हिलाही नेतेय मी. परत नाही कोंबायची तिथे."

"अगं, दोन-दोन कुत्री?"

"तुम्हाला कुठे दोन दिसणार आहेत?"

कोंडवाड्यावरची बाई फसकन हसली. कलाकाराला ते लागलं. बायको बोलली त्यापेक्षा ती बाई हसली, हे जास्त लागलं. आपला पाणउतारा झाला आणि तोही केळं खाणाऱ्या एका बाईसमोर, हे काही त्याला गिळवेना. दोन्ही कुत्री घेऊन बायको फाटकाकडे चालू लागली आणि हा चडफडत मागे राहिला. उन्हात, मोकळ्या रस्त्यावर, पुढे चालणारी झिपरी त्याला मागून सबंध दिसत होती, आणि तिचा मागचा डावा पाय दर पावलाला जमिनीला टेकल्या न टेकल्यासा उचलला जात होता.

कलाकाराला हवं ते सापडलं. तो गर्रकन वळला.

"ओ बाई! इकडे या! हिचा पाय मोडलाय तुमच्या इथे! चांगली धडधाकट कुत्री आमची, आणि ही दशा? काय मारता काय त्यांना? मी वरपर्यंत तक्रार करीन, सोडणार नाही कुणाला!"

बाई दारात आली. "मी हात नाही लावला हो," ती पहिल्यांदाच जरा घाबरून म्हणाली.

"मग पाय असा कसा झाला? बघा ना, लंगडतेय ती! डोळे आहेत ना तुम्हाला?"

"अहो, गप्प बसा," बायको फाटकातून म्हणाली.

"गप्प काय बसा? तू बघ तरी, केवढी लंगडतेय!"

बायको थांबली. आता तिच्या आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं, काहीच नव्हतं.

"ती पहिल्यापासून लंगडते," ती म्हणाली. "आपल्या घरात आली तीच लंगडत आली."

मग ती दोन्ही कुत्र्यांना घेऊन रस्ता ओलांडून गेली. कोंडवाड्यावरच्या बाईनं कलाकाराला एकदा डोक्यापासून पायापर्यंत बघितलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं.